अंगात सगळा जिल्हा

माणूस त्याच्या रक्तावरून ओळखला जातो, असं आमच्या भागात लग्नाच्या प्रत्येक बैठकीत कुणीतरी एकजण गंभीर चेहऱ्याने म्हणतोच. बाकीचे माना हलवतात आणि मग चहा येतो. भानुदास शेळकेला हे तत्त्व लावणं अवघड होतं, कारण त्याच्या अंगातलं रक्त त्याचं नव्हतं. ते दर तीन-चार आठवड्यांनी नगरच्या रक्तपेढीतून येई. पेढीत ते कधी साखर कारखान्याच्या कामगारांकडून, कधी पोलिसांकडून, कधी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांकडून आलेलं असे. पिशवीवर नाव नसतं, नुसता क्रमांक आणि गट असतो. भानुदासचं तेवढ्यावर भागत नसे. रक्त चढवून आला की तो दोन दिवस स्वतःवर नजर ठेवायचा आणि मग स्टाफरूममध्ये निकाल सांगायचा.

"या खेपेला पोलीस हाय सर. काल नववी ब वर विनाकारण ओरडलो."

किंवा, "इंजिनिअरिंगचं दिसतंय. तिसऱ्या तासाला झोप आवरंना."

एकदा तो सकाळपासून गप्प होता. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "बँकेतलं असावं. कुनाशी बोलावंसंच वाटत न्हाई."

तिसगावच्या शाळेत तो भूगोल शिकवायचा आणि मी मराठी. म्हणजे ज्या दोन विषयांसाठी कुणी शिकवणी लावत नाही, ते आमच्याकडे होते. त्यामुळे बोलायला वेळ भरपूर मिळे.

भानुदास दिसायला सातवीतल्या मुलाएवढा. कपाळ पुढे आलेलं, गालांची हाडं उचललेली, दाढीमिशीचा पत्ता नाही, आणि अंगावर शाई सांडून पुसल्यासारखा राखाडी रंग. नवीन माणूस एकदा बघायचा, मग न बघितल्यासारखं करायचा आणि मग पुन्हा बघायचा. भानुदास तिसऱ्यांदा बघायची वाट न पाहता सांगून टाकायचा, "थॅलेसेमिया. लागत न्हाई, हात मिळवा." हाडं अशी का, हे त्याने मला एकदा समजावलं होतं. हाडांच्या आत रक्त तयार होतं. त्याच्या हाडांत ते तयार व्हायचं, पण टिकायचं नाही, म्हणून आतला मगज आणखी जोर करायचा, आणि त्या जोराने हाडंच फुगायची. "सुप्याच्या एमआयडीसीत एखादी कंपनी असती ना सर, तिन्ही पाळ्या चालू, आन् माल सगळा रिजेक्ट. तशी गत."

तो नोकरीला लागला त्याच वर्षी तपासणीला शिक्षणखात्याचे एक साहेब आले. साहेबांच्या मागे केंद्रप्रमुख, त्यांच्या मागे मुख्याध्यापक, त्यांच्या मागे नारळ आणि शाल घेतलेला शिपाई. भानुदास तेव्हा मागच्या बाकावर बसून एका मुलाच्या वहीतला नकाशा तपासत होता. साहेबांनी नेमकं त्याच्याकडे बोट केलं. "ए, तू. उभा राहा. गोदावरीच्या उपनद्या सांग." मुख्याध्यापकांचा चेहरा पांढरा पडला. भानुदास उभा राहिला, हाताची घडी घातली आणि प्रवरेपासून पुढे सगळ्या नद्या म्हणून दाखवल्या. साहेब खूष झाले. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "हुशार आहेस. चांगला शीक. शिक्षक हो."

"प्रयत्न करतो सर," भानुदास म्हणाला.

वर्गातलं एकही पोर हसलं नाही. तपासणीच्या शेऱ्यात 'विद्यार्थ्यांची तयारी उत्तम' असं आलं.

घरात ते चौघं भावंडं. थोरली सुमन, मग रामदास, मग भानुदास आणि शेवटची कुसुम. आई-वडील दोघंही थॅलेसेमिया मायनर होते आणि दोघांना ते मरेपर्यंत कळलं नाही, कारण मायनर म्हणजे नुसता वाहक. तो जरा फिकट दिसतो, लवकर दमतो, आणि शेतावर राबणारं कोण दमत नाही. असे दोन वाहक एकत्र आले की प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता मेजरची. सुमन आणि रामदास आई-बापांसारखे मायनर निघाले. कुसुम मेजर. भानुदास दोघांच्या मधला, त्याला इंटरमीडिया म्हणतात. रोग कुसुमचाच, पण धार कमी. असं का, याचं उत्तर पुण्याच्या एका डॉक्टरांनी खूप उशिरा दिलं. घराण्यात रक्ताचा आणखी एक वेगळा, किरकोळ बिघाड होता. भानुदासच्या वाट्याला तोही आला आणि दोन बिघाडांनी एकमेकांना थोडं सावरून धरलं. "कुसुमला एकच दोष हुता, म्हनून ती गेली. माझ्यात दोन हायेत म्हनून मी हाय," तो सांगायचा, आणि समोरच्याने यावर काय बोलावं याची अजिबात मदत करायचा नाही.

कुसुम सहाव्या वर्षी गेली. प्लीहा वाढून तिचं पोट पुढे आलं होतं. गल्लीतल्या बायका तिला जंताचं औषध सुचवायच्या आणि पोरं जे म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटच्या उन्हाळ्यात तिला नगरला नेलं, तेव्हा तिच्या गटाचं रक्त नव्हतं. दोन दिवसांनी या, असं सांगितलं. दोन दिवसांनी जायची गरज उरली नाही. हे भानुदासने मला एकदाच सांगितलं, एसटीत, तिकीट काढता काढता. तो दोषांचा हिशोब सोडला, तर त्यानंतर त्याने कुसुमचा विषय फक्त एकाच कारणासाठी काढलेला मी ऐकला. ते पुढे येईल.

त्याला स्वतःला लहानपणी अधूनमधूनच रक्त लागायचं. कॉलेजात असताना प्लीहा काढली, आणि पंचविशीनंतर रक्त कायमचं मागे लागलं. मग दुसरा त्रास सुरू झाला. परक्या रक्ताबरोबर लोह येतं आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. ते काळजात, यकृतात, जिथे जागा मिळेल तिथे साठत जातं. ते काढायला पोटाच्या कातडीखाली सुई आणि कमरेला एक छोटा पंप, असा तो कित्येक वर्षं झोपला. नंतर पाण्यात विरघळवून घ्यायच्या गोळ्या आल्या. त्याच्या मते त्यांची चव फळ्याच्या खडूसारखी होती, आणि या बाबतीत त्याच्या शब्दाला वजन होतं.

गावाला एवढंच माहीत होतं की शेळके सरांना रक्त कमी आहे. त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक माणूस बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे नाहीतर डाळिंबं घेऊन यायचा. म्हणजे जे लोह त्याला आतून गंजवत होतं, तेच लोक प्रेमाने पिशवी भरभरून आणत होते. भानुदास कुणाला परत पाठवायचा नाही. हात जोडून ठेवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी ती पिशवी माझ्या टेबलावर असायची. आमच्या घरी त्या काळात बीटाची कोशिंबीर इतकी झाली की माझी बायको त्याच्या तब्येतीची चौकशी जरा धास्तीनेच करायची. जेवणानंतर तो कोरा चहा प्यायचा. चहाने जेवणातलं लोह कमी लागतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "अख्ख्या तालुक्यात डॉक्टरनं लिहून दिलेला चहा पिनारा मी एकटाच," असं तो कपबशी उचलताना म्हणायचा.

आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांचा वाढदिवस डिसेंबरात येतो. त्या आठवड्यात जिल्हाभर रक्तदान शिबिरं होतात, फ्लेक्स लागतात, आणि प्रत्येक फ्लेक्सवर रक्ताचा एक हसरा थेंब असतो. एका वर्षी कार्यकर्त्यांनी भानुदासला 'थॅलेसेमियाग्रस्त बंधू' म्हणून व्यासपीठावर बसवलं. त्याचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते. शाल दिली, नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

भानुदास माइकपाशी गेला, माइक खाली ओढला आणि म्हणाला, "साहेबांचे लई उपकार. अडचण एकच हाय. रक्ताची पिशवी महिना-सव्वा महिना टिकती. डिसेंबरात आपल्याकडं इतकं रक्त असतं की ठेवायला जागा न्हाई, आन् मे महिन्यात पोरं तळमळत्यात. कॉलेजं बंद, लोक लग्नात. उन्हाळ्यात जन्मलेले पुढारी आपल्या जिल्ह्यात कमी हायेत. तर साहेबांना एकच विनंती, वाढदिवस मे महिन्यात घेता आला तर बघा."

साहेब मोठ्याने हसले. राजकारणात वर जायला हे हसू लागतं. "पक्षश्रेष्ठींना विचारतो," असं म्हणाले आणि टाळ्या घेतल्या. शाल भानुदासने रक्त चढवताना पांघरायला ठेवली. वॉर्डातला पंखा कमी होत नसे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

सुमनताईंचा मुलगा योगेश सुप्याला कंपनीत लागला. रामदासची मुलगी अश्विनी नुकती बारावी होऊन गावातल्या बालवाडीत शिकवत होती. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, ही आमच्याकडची जुनी वहिवाट. दोघं पाळण्यात होती तेव्हापासून घरातल्यांनी ते गृहीत धरलेलं. भानुदास एकाचा मामा आणि दुसरीचा काका. रामदासच्या ओट्यावर बैठक बसली तेव्हा तो मलाही घेऊन गेला. "चष्मा असलेला एक मानूस संगं असलेला बरा," एवढंच कारण दिलं.

चहाच्या आधी, ते रक्ताचं वाक्य कुणीतरी म्हणून झाल्यावर, भानुदास म्हणाला, "रक्ताचं निघालंच हाय तर दोघांचं तपासून घेऊ. अक्का, तू मायनर. रामदासभाऊ मायनर. पोरं दोघंबी मायनर निघाली तर लग्न करू नये. आन् करायचंच असलं तर डोळे उघडे ठिवून करावं."

सुमनताईंनी पदर सावरला. "भान्या, चांगल्या कामात तुझं दवाखान्याचं बोलनं आनू नगं."

"अक्का, कुसुमला तूच कडेवर घेऊन फिरायचीस."

कुसुमचं नाव त्या घरात बहुधा बऱ्याच वर्षांनी निघालं असावं. रामदास उठून आत गेला. शेवटी सुमनताई म्हणाल्या, "बरं, पोरीचं तपासा."

"आन् पोराचं?"

"पोराचं कशापायी? कंपनीत भरती करताना त्याचं सगळं तपासलंय. डोळ्याचं, छातीचं, समदं. ठनठनीत हाय."

अश्विनीचं रक्त नगरला पाठवलं. रिपोर्ट मायनर आला. अर्धं काम झालं होतं, उरलेलं अर्धं योगेशच्या दंडात होतं. पण सुमनताईंना तेवढं अर्धंच पुरलं. आठ दिवसांत निरोप आला, "पोरीत खोट हाय, आमाला जमायचं न्हाई." ज्या घराण्याची ती खोट होती त्या घराण्यात त्याही जन्मल्या होत्या, आणि ती खोट त्यांच्याही अंगात होती, हे त्यांना सांगायला कोण जाणार? भानुदास गेला. त्यांनी त्याला जेवायला वाढलं आणि विषय बदलला.

मायनर म्हणजे आजारी नव्हे. पण 'खोट' हा शब्द तिसगावच्या बाजारात मंगळवारी सुटला आणि गुरुवारपर्यंत पाथर्डीला पोचला. अश्विनीला बघायला येणारे येईनासे झाले. ती काकाशी बोलायची थांबली. सहा-सात महिन्यांनी एक दिवस वॉर्डात त्याचा डबा घेऊन ती आली, डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "काका, तुमी खरं तेच बोललात. पन दोघांचं म्हनाला हुता आन् एकटीचंच तपासून घेतलं. तिथंच उठायचं हुतं."

हे त्यानेच मला सांगितलं. "तिचं बरोबर हाय. अर्धा न्याय हा अन्यायापेक्षा वाईट असतो असं तुमी मराठीवाले म्हनत असाल. मला तेवढं चांगलं मांडता येत न्हाई."

त्यानंतर अश्विनी दर वेळी डबा घेऊन येऊ लागली. बोलायची कमी. पण नर्स कामात असली तर पिशवी संपत आल्याचं तीच जाऊन सांगायची.

योगेशचं लग्न जामखेडच्या एका घरी ठरलं. मुलीचं नाव पूजा. चांगली, हसरी मुलगी. भानुदासने या वेळी ठरवलं होतं की अर्ध्यावर थांबायचं नाही. साखरपुड्याच्या मांडवात, दोन्हीकडची माणसं बसलेली असताना, तो पूजाच्या वडिलांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, मी नवऱ्या मुलाचा मामा. माझी एक अट हाय. लगीन व्हायच्या आधी पोरीचं आन् पोराचं, दोघांचं रक्त तपासा. त्याशिवाय मला ह्ये लगीन मान्य न्हाई."

मी माझ्या आयुष्यात बरीच भाषणं ऐकली आहेत. इतकं स्पष्ट आणि इतक्या थोडक्यात बोललेलं क्वचितच. पण मांडवात त्याचा अर्थ भलताच लागला. लग्नात मामा रुसतो. रुसणं हा त्याचा हक्कच असतो, आणि तो रुसला की त्याची समजूत काढायची रीत ठरलेली असते. पूजाच्या वडिलांनी हात जोडले. "मामासाहेब, आमचं चुकलं. मानपानात कमी पडलो." त्यांनी डोळ्याने खूण केली. आतून एकजण पँट-शर्टाचं कापड, टोपी आणि उपरणं ताटात घेऊन आला. कुणीतरी भानुदासच्या कपाळाला गंध लावलं.

"दाजी, मला कापड नकोय. रक्त तपासा म्हनतो मी."

"तपासू, तपासू. तुमी म्हनाल तसं. आधी टोपी तर घाला!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. वाजंत्रीवाल्याने समजून उमजून एक तुकडा वाजवला. सुमनताई सगळ्यांना सांगत होत्या, "आमचा भानू लहानपनापासून मानाचा लई भुकेला." टोपी त्याच्या भुवयांपर्यंत आली.

तपासणी अर्थातच झाली नाही. लग्नात मामा म्हणून तो नवरदेवाच्या मागे उभा होता. व्हिडिओत त्याच्या फेट्याचा तुरा तेवढा दिसतो. ते कापड मात्र त्याने शिवून घेतलं. शिंप्याने निम्मं कापड परत केलं. "अपमानाचा ड्रेस चांगला बसलाय," असं म्हणत तो ते शाळेत घालून आला.

दीड वर्षाने पूजाला मुलगा झाला. नाव विराज. आठव्या महिन्यात तो दूध घेईना, ताप हटेना, ओठ कागदासारखे. मग सगळ्यांचं रक्त तपासलं. योगेश मायनर, पूजा मायनर, विराज मेजर. दोन्ही बाजूंचे रिपोर्ट एका क्लिपला लावून एकत्र आले. लग्नाआधी यायचे ते असे आले.

त्या संध्याकाळी मी भानुदासकडे गेलो. मला वाटलं होतं, तो काहीतरी बोलेल. 'मी सांगितलं होतं' म्हणायचा इतका पुरेपूर अधिकार कुणाला मिळत नाही. तो अंथरुणावर बसून पंपाची जुनी सुई डब्यात टाकत होता. म्हणाला, "सर, पोराला फिल्टर लावूनच रक्त द्यायला सांगितलंय. न्हाईतर हुडहुडी भरती. मला लई भरायची." एवढंच.

पुढची दोन वर्षं नगरच्या वॉर्डात दोन खाटा शेजारी शेजारी असायच्या. एका खाटेवर भानुदास, दुसऱ्या खाटेवर पूजाच्या मांडीवर विराज. सुई शोधताना पोरगं किंचाळायचं. भानुदास त्याच्यासमोर पिशवी धरून विचारायचा, "बघ बरं, आज तुझ्यात कोन आलंय? राहुरीचा हाय का श्रीगोंद्याचा? मला वाटतंय कारखान्यातला हाय. उद्या तू ऊस मागशील बघ." पोर हुंदके देत थांबायचं. पूजा खिडकीकडे बघत बसायची. एक दिवस भानुदासने तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मामा, तुमी तर सांगितलं हुतं. मी तिथंच बसले हुते. मीबी हसले."

दुसऱ्या वर्षाच्या मेमध्ये रक्त नव्हतं. त्यांच्या दोघांच्या गटाची एक पिशवी होती. नर्सने बाहेर येऊन विचारलं, "कुणाला?" भानुदास म्हणाला, "माझं पुढच्या आठवड्यात बघू," आणि शाल घडी करून खांद्यावरच्या कापडी पिशवीत घातली. यात थोरपणा शोधू नये, असं त्यानेच मला बजावलं. त्याच्या काळजात इतकं लोह साठलं होतं की एक पिशवी कमी-जास्त झाल्याने फार फरक पडणार नव्हता. हिशोब सरळ होता. पुढच्या आठवड्यातही पिशवी मिळाली नाही. त्यानंतर त्याचे पाय सुजायला लागले ते उतरलेच नाहीत.

पुढच्या वर्षी, उन्हाळा लागता लागता, पूजाला पुन्हा दिवस गेले.

गर्भाची तपासणी पुण्याला होते. तिसऱ्या महिन्याच्या आसपास वारेचा कणभर तुकडा काढतात आणि मूल मेजर आहे की नाही ते सांगतात. त्यासाठी वेळेत जावं लागतं. सुमनताईंना जायची गरज वाटत नव्हती. भानुदासला बोलताना दम लागायचा, तरी तो त्यांच्या घरी गेला, आणि या वेळी जाताना पुन्हा मला घेऊन गेला.

"डॉक्टरच म्हनले ना, चारात एक," सुमनताई म्हणाल्या. "त्यो एक विराज झाला. आता पुढची तीन मोकळी. उगा पोटात सुया कशाला?"

"अक्का, दर खेपेला चिठ्ठ्या नव्यानं टाकत्यात. निघालेली चिठ्ठी कुनी बाहेर ठिवत न्हाई."

"आईला न्हाई का? चारात एक कुसुम गेली."

"आन् मी? आईला चारात दोन झाली की."

सुमनताईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. सुजलेले पाय, पिवळे डोळे, पुढे आलेल्या कपाळाखाली लपलेला सातवीतला चेहरा. मग अगदी मायेने म्हणाल्या, "तुला कसं धरायचं रे भानू? तू तर जिता हायेस."

यावर भानुदास इतका हसला की त्याला खोकला आला आणि पाणी द्यावं लागलं. पूजा पाणी घेऊन आली. तिच्या मागे अश्विनी उभी होती. ती कधी आली, मला कळलं नव्हतं. सासूसमोर तिने पूजाला विचारलं, "वहिनी, जायचं का?" पूजा म्हणाली, "जायचं." योगेशने आधी आईकडे आणि मग बायकोकडे पाहिलं आणि गाडीची वेळ विचारली. त्याच्या आयुष्यात त्याने घेतलेला बहुधा हा पहिला निर्णय असावा, आणि तोही प्रश्नाच्या रूपात.

मी भानुदासला शेवटचं पाहिलं ते माळीवाड्याच्या स्टँडवर. योगेश, पूजा आणि अश्विनीला पुण्याच्या गाडीत बसवायला तो आला होता. येऊ नको असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अंगात तो मानपानाचा ड्रेस, आता ढगळ झालेला, खांद्यावर साहेबांची शाल, कडेवर विराज. आई-बाप परत येईपर्यंत पोराला सांभाळायचं त्याने कबूल केलं होतं. खरं म्हणजे कोण कुणाच्या कडेवर आहे हे लांबून कळत नव्हतं. फाटकाजवळच्या वडापाववाल्याने विचारलं, "काय रे पोरांनो, कुनाबरोबर आलात?" भानुदासने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "ह्ये आजोबा हायेत आमचे." गाडी सुटली. तो विराजचा हात धरून हलवत राहिला. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी त्याचा हात थांबला नव्हता. मग म्हणाला, "सर, जरा टेकू द्या," आणि स्टँडच्या बाकावर बसला. पाय जमिनीला टेकत नव्हते.

पाच दिवसांनी काळजाचे ठोके चुकून तो गेला. पुण्याचा रिपोर्ट त्याच्यानंतर आठवड्याने आला. पोटातलं मूल मायनर होतं. सुमनताईंनी पेढे वाटले. मला पेढा देताना त्या म्हणाल्या, "बघा सर, मी म्हनत नव्हते? चारात एक होऊन गेला, की मोकळं. भान्याला उगाच घोर." पेढा तोंडात असल्यामुळे मला काही बोलता आलं नाही.

अश्विनीचं अजून जमलेलं नाही. मध्ये पैठणकडचं एक स्थळ आलं होतं. चहाच्या आधी तिनेच मुलाला त्याचा रिपोर्ट विचारला. ते चहा न घेता गेले.

शाळेने भानुदासच्या स्मरणार्थ रक्तदान शिबिर घेतलं. तो मेच्या तोंडावर गेला होता, त्यामुळे शिबिर आपोआप मे महिन्यात आलं. आमच्या भागात मे महिन्यात झालेलं ते पहिलंच शिबिर असावं. त्याचे जुने विद्यार्थी आले, नववी ब चे सुद्धा. विराजला त्या महिन्यात वेळेवर रक्त मिळालं. साहेब अध्यक्षस्थानी होते. भानुदास मेला नसून या तरुणांच्या धमन्यांतून वाहतो आहे, असं ते म्हणाले. वस्तुस्थिती नेमकी उलटी होती, पण टाळ्या चांगल्या पडल्या. फ्लेक्सवर भानुदासचा फोटो होता आणि खाली त्याचा रक्तगट छापला होता. तो चुकीचा होता.

हे शिबिर दर वर्षी घ्यायचं असं तिथेच जाहीर झालं. उन्हाळ्यात कार्यकर्त्यांना फार त्रास होतो, म्हणून पुढच्या वर्षीपासून ते साहेबांच्या वाढदिवसाला जोडून डिसेंबरात होईल.